महागडी डोंगरी सायकल आणि बेताचा स्वार



या भाषणाचे निमंत्रण देणाऱ्या गृहस्थांनी मला किंचित संकोचाने विचारले, "या विषयावर आपल्याला अधिकाराने बोलता येईल ना?" मी म्हटले, "निःसंशय. माझ्या डाव्या खांद्याजवळच्या हाडाला धातूची एक पट्टी सहा स्क्रूंनी जखडलेली आहे. या विषयातील माझे प्रमाणपत्र तेच." त्यावर त्यांनी अधिक चौकशी केली नाही. आपणही तूर्त करू नये. ती हकीकत मी स्वतःच यथावकाश सांगणार आहे.

विषय असा की, ज्याला सायकल बेताचीच चालवता येते, म्हणजे सरळ रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर जाण्याइतकी ज्याच्या पायांत ताकद आहे, परंतु वाटेत पुस्तकाएवढा दगड आडवा आला की ज्याचे हात ताठरतात, अशा माणसाने डोंगरवाटांवर हिंडण्याकरिता लाख-दोन लाखांची सायकल घ्यावी काय? प्रश्न वरवर पाहता चैनीचा आहे. परंतु ज्या घरात एवढी रक्कम खर्च करण्यापूर्वी दोन रात्री हिशेब मांडावा लागतो, त्या घराला तो चैनीचा वाटत नाही. आणि ज्याचे हाड मोडते त्याला तर नाहीच नाही.

डोंगरी सायकल म्हणजे कोणती, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारण आजकाल दुकानांतून रुंद टायरांची कोणतीही सायकल त्या नावाने विकली जाते. खऱ्या डोंगरी सायकलीचे टायर रुंद व दातेरी असतात, हँडल जवळजवळ दीड हात लांब व आडवे असते, ब्रेक चाकाच्या कडेला न लागता मध्यभागी बसविलेल्या पोलादी तबकडीला लागतो, आणि ज्याला आपला सायकलवाला चिमटा म्हणतो त्या पुढच्या फोर्कमध्ये धक्का शोषून घेणारी योजना असते. काहींना तशीच योजना मागच्या चाकाकडेही असते. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सर्व समजावयास अडचण नाही.

आता या प्रश्नावर दोन मते ऐकू येतात. दुकानदार म्हणतो, साधन उत्तम घ्या, हात आपोआप बसेल. जुने जाणते स्वार म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडे. आधी साध्या सायकलीवर हात बसवा, मग वाटेल तेवढी महागडी घ्या. पहिले मत मानून मी खांदा मोडून घेतला, तेव्हा दुसरे मत मला पटत असेल अशी आपली समजूत होणे स्वाभाविक आहे. ते मला अर्धेच पटते. कोणते अर्धे पटत नाही, हे सांगण्यासाठीच आज मी या ध्वनिक्षेपकासमोर बसलो आहे.

माझी हकीकत थोडक्यात अशी. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. माझा भाचा सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या टेकड्यांवरून सायकलीने हिंडतो. त्याच्याबरोबर आपणही जावे अशी मला इच्छा झाली. भाच्याला न विचारता मी एका दुकानात गेलो. न विचारता अशासाठी की, या वयात मामाने भाच्याचा सल्ला घ्यावा हे मला कमीपणाचे वाटले. दुकानातील तरुणाने एक काळीभोर सायकल एका हाताने उचलून माझ्या हाती दिली. कार्बनच्या धाग्यांची बांधणी, वजन साडेदहा किलो. मीही ती एका हाताने उचलली आणि तेथेच घात झाला. सायकल ही चालविण्याची वस्तू आहे, उचलण्याची नव्हे, हा साधा विचार त्या क्षणी सुचला नाही. किंमत दोन लाख चाळीस हजार रुपये होती. अश्वत्थाम्याच्या प्रसंगी धर्मराजाने जी युक्ती केली तीच मी घरी केली: "चाळीस हजार" हे शब्द मोठ्याने उच्चारले आणि त्यांच्या आधीचे शब्द पंख्याच्या आवाजात सोडून दिले.

तिसऱ्याच आठवड्यात वेताळ टेकडीवर खाणीच्या अंगाने उतरणाऱ्या एका वाटेवर मी पडलो. तेथे काळ्या दगडाची गुडघ्याहून बरीच कमी उंचीची एक पायरी आहे व तिच्यापुढे सुटा मुरूम पसरलेला आहे. पायरी दिसताच मी घाबरून दोन्ही ब्रेक चारही बोटांनी आवळले. लहानपणापासूनची ती सवय. जुन्या सायकलीचे रबरी ब्रेक तसे आवळल्यावाचून लागतच नसत. ही सायकल मात्र तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकांची. तिला एका बोटाचा स्पर्श पुरतो. पुढचे चाक जागच्या जागी थांबले. मी थांबलो नाही.

खांदा गळ्यात अडकवून सहा आठवडे घरी बसावे लागले, तेव्हा वाचावयास सवड झाली. ही सायकल मुळात कोठे व कोणासाठी निर्माण झाली, हे मी त्या वेळी वाचून काढले, आणि माझी चूक मला त्या इतिहासातच सापडली. म्हणून आपणांस थोडा वेळ माझ्याबरोबर कॅलिफोर्नियात यावे लागेल.

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, प्रसिद्ध पूल ओलांडला की मरिन नावाचा परगणा लागतो. तेथे तमालपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुणांना या डोंगराच्या कच्च्या रस्त्यांवरून सायकली सोडण्याचा नाद लागला. त्यांच्यापैकी जो ब्रीझ, गॅरी फिशर यांच्यासारखे काहीजण पक्क्या रस्त्यावरच्या शर्यतींत मुरलेले स्वार होते. डोंगरासाठी मात्र ते वापरीत त्या सायकली १९३० ते १९५० च्या दरम्यानच्या, जुन्या बाजारातून आणलेल्या, वीस किलोंहून अधिक वजनाच्या. त्याच का? तर त्यांचे टायर. श्विन नावाच्या अमेरिकन कंपनीने १९३३ साली दोन इंचांहून अधिक रुंदीचे फुगीर टायर सायकलींना लावावयास सुरुवात केली होती. त्या काळी अमेरिकेत सायकल ही मुख्यतः पोरांची वस्तू झाली होती. पोरे ती फुटपाथच्या कडेवर आपटत, खड्ड्यांत घालीत, म्हणून तिला असे टायर दिले. हे वाचून मी पडल्या पडल्या हसलो. डोंगरी सायकलीचा जो सर्वांत महत्त्वाचा अवयव, तो मुळात शूरवीरांसाठी झालेलाच नव्हता. तो आपटणाऱ्या, धडपडणाऱ्या मुलांसाठी झाला होता.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी या मंडळींनी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर शर्यत लावली. उतार सुमारे तीन किलोमीटर लांब, आणि तेवढ्यात चारशे मीटर खाली येणारा. त्या सायकलींना ब्रेक असे तो मागच्या हबमध्ये, पायडल उलटे दाबले की लागणारा. उतरता उतरता तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. या पुन्हा भरण्यावरूनच त्या उताराला 'रीपॅक' हे नाव पडले. गॅरी फिशरने तो उतार पुढे ४ मिनिटे २२ सेकंदांत उतरून दाखविला.

असे कसलेले स्वार भंगारातल्या सायकलींवर समाधानी का राहिले नाहीत, हा प्रश्न येथे विचारण्यासारखा आहे. हात बसला की साधन कसेही चालते, हे मत खरे असते तर डोंगरी सायकल जन्मालाच आली नसती. जो ब्रीझ याने १९७७-७८ मध्ये खास या कामासाठी नव्या पोलादी नळ्यांच्या सायकली बांधल्या. त्यांपैकी पहिली आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकण्यासाठी कंपनी काढली. टॉम रिची फ्रेम बांधून देई आणि तयार सायकलीची किंमत सुमारे तेराशे डॉलर होई. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टंपजंपर' आली ती साडेसातशे डॉलरला. तेव्हा ही वस्तू जन्मापासूनच महाग होती. आपल्याच काळात ती महाग झाली असे नाही.

पुढे मात्र या एका प्रवाहाला दोन फाटे फुटले, आणि माझ्या विषयाचे मर्म तेथे आहे. १९९० साली कोलोरॅडोमधील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला. ऑलिंपिकमध्ये आली ती चढ-उतारांच्या लांब फेऱ्यांची शर्यत. अशी शर्यत बहुधा चढावर जिंकली जाते, म्हणून तिच्यासाठी सायकल हलकी, ताठ आणि चपळ करण्यात आली. दुसरीकडे, उतार सुखाने उतरता यावा म्हणून धक्का शोषणारे फोर्क, अधिक रुंद टायर आणि लांब बांधणी यांची वाढ होत गेली. ड्युरँगोलाच उताराची शर्यत जिंकणाऱ्या ग्रेग हर्बोल्डच्या सायकलीला रॉकशॉक्सचा धक्का शोषणारा फोर्क होता, आणि तशा फोर्कला तेव्हा तेथील बाजारात नुकताच कोठे प्रवेश मिळाला होता. दोन्ही फाट्यांवरच्या सायकली महाग आहेत, दोन्हींना डोंगरी सायकल हेच नाव आहे, आणि दुकानात त्या शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. मी उचलली ती पहिल्या फाट्यावरची होती. घोड्यावर कधी न बसलेल्या माणसाने महालक्ष्मीच्या शर्यतीतला घोडा विकत आणावा, तसे ते झाले.

या घोड्याचा स्वभाव कसा असतो ते पाहा. त्याचा पुढचा चिमटा बराच उभा असतो. माझ्या सायकलीचा जमिनीशी होणारा कोन एकोणसत्तर अंशांचा होता. उतारासाठी केलेल्या सायकलींत तो पासष्ट अंशांच्या आसपास, म्हणजे पुढे झुकलेला असतो. चार अंश ऐकावयास काहीच वाटत नाहीत. परंतु चिमटा पुढे झुकला की पुढचे चाक स्वाराच्या पुष्कळ पुढे राहते, आणि ते दगडाला अडले तरी स्वार त्याच्यावरून सहजासहजी फेकला जात नाही. उभ्या चिमट्याची सायकल वळावयास चपळ खरी, परंतु ती स्वाराकडून क्षणोक्षणी अचूकपणाची अपेक्षा करते. ती अपेक्षा मी पुरी करू शकलो नाही.

मी पडलो तेव्हा टेकडीपलीकडच्या वस्तीतला पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा त्याच पायरीवरून, साध्या बिनगिअरच्या लोखंडी सायकलीवर, मागून उतरून आला. त्याने आधी मला आणि मग माझी सायकल उचलली. "काका, सायकलीला काही झालं नाही हो," असे त्याने मोठ्या समाधानाने सांगितले. ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली त्या प्रत्येकाने एकच तात्पर्य काढले: पाहा, साध्या सायकलीवर तो उतरला, तुमचे दोन लाख चाळीस हजार पाण्यात!

मला हे तात्पर्य मान्य नाही. मी त्या मुलाची सायकल पाहिली होती. तिच्या पुढच्या चाकाला ब्रेकच नव्हता. तुटलेली तार हँडलला गुंडाळून ठेवलेली होती. मागचा ब्रेक आणि चपलेचा तळ यांवर तो उतरत होता. ती वाट तो लहानपणापासून उतरत असला पाहिजे. त्याचे वजन चाळीस-पंचेचाळीस किलो असेल, आणि धक्का शोषण्याची योजना त्याच्या गुडघ्यांत आणि कोपरांत होती. माझ्या एकोणपन्नास वर्षांच्या गुडघ्यांत ती शिल्लक नाही. ज्याच्या अंगात कसब आहे त्याला यंत्राने कमी साहाय्य केले तरी चालते. ते ज्याच्या अंगात नाही त्यालाच अधिक साहाय्य लागते. पोहणाऱ्याला भोपळा लागत नाही म्हणून शिकणाऱ्याच्या पाठीचा भोपळा कोणी सोडून घेत नाही. जुन्या जाणत्यांच्या मताचे जे अर्धे मला पटत नाही ते हे. बेताच्या स्वाराची चांगल्या सायकलीवर योग्यता नाही, असे म्हणण्यात थोडा अहंकार आहे, आणि थोडे अज्ञानही आहे.

मात्र पैसा कोठे पडतो ते पाहिले पाहिजे. बेताच्या स्वाराला साहाय्य करणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. आपल्या उंचीला बेतशीर मापाची फ्रेम. रुंद टायर, आणि त्यांत बेताचीच हवा. आमच्या लहानपणी टायर दगडासारखा कडक करून घेण्यात भूषण वाटे. डोंगरवाटेवर तोच टायर थोडा नरम ठेवला तर जमिनीला बिलगतो. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक, एका बोटाने लावावयाची सवय करून. झुकलेला चिमटा. आणि आणखी एक उपकरण, ज्याला मी सर्वांत वरचे स्थान देतो: चालता चालता खाली-वर करता येणारी सीट.

त्यावर थोडे अधिक बोललो तर क्षमा असावी. चढावर सीट उंच हवी, नाही तर पायांची ताकद लागत नाही. उतारावर तीच उंच सीट वैरीण होते; ती पोटाशी येते, शरीर मागे व खाली नेता येत नाही, आणि सारा भार हँडलवर पडतो. कसलेला स्वार उंच सीटच्या मागे सरकून वेळ मारून नेतो. नवख्याला ते साधत नाही आणि भीतीमुळे सुचतही नाही. याच जो ब्रीझने जॉश एंजेल या सहकाऱ्याबरोबर १९८४ साली एक साधी स्प्रिंग काढली होती. सीटची कळ सैल केली की आपल्या भाराने ती खाली दाबता येई आणि भार काढला की स्प्रिंग तिला वर ढकली. आता हँडलवरचे बटण दाबून हे काम होते. या यंत्रणेने सायकलीचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास वाढते, म्हणून चढ-उतारांच्या शर्यतीतल्या पुष्कळ स्वारांनी अनेक वर्षे ती दूर ठेवली. माझ्या महागड्या सायकलीला ती नव्हती. वजन वाचवण्यासाठीच तर मी पैसे मोजले होते!

बाजारात दुसऱ्या टोकालाही फसगत आहे. दहा-बारा हजारांत पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंगा लावलेल्या सायकली मिळतात, आणि मुले त्यांवर लुब्ध होतात. स्प्रिंग धक्का घेते हे खरे, पण घेतलेला धक्का ती तसाच परत देते. त्याला आवर घालणारी, तेलाने चालणारी यंत्रणा आत नसेल तर सायकल पलंगासारखी उसळते आणि पायडल मारताना निम्मी ताकद खालीवर होण्यातच जाते. त्यापेक्षा पुढे-मागे काहीही नसलेली साधी, बळकट सायकल शतपटीने बरी.

माझ्या पाहण्यात असे आले की, आपल्याकडे साधारण पन्नास-साठ हजारांपासून पुढे चांगले ब्रेक आणि खरोखर काम करणारा पुढचा फोर्क मिळू लागतो. लाखाच्या आत बाहेर सीटचीही सोय होते. मागच्या चाकालाही विश्वासाची योजना हवी असेल तर दीड-दोन लाखांच्या खाली ती मिळणे कठीण. येथपर्यंतचा पैसा बेताच्या स्वाराच्या कामी येतो. त्यापुढचा पैसा मुख्यतः वजन कमी करण्यासाठी लागतो. त्याचा हिशेब मी अंथरुणावर पडून केला. माझे वजन पंचाहत्तर किलो. चौदा किलोची सायकल घेतली तर एकूण भार एकोणनव्वद. ती तीन किलोंनी हलकी केली तर भार सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटतो. चढावर वेळ जवळजवळ भाराच्या प्रमाणात लागतो असे धरले, तर सिंहगडच्या ज्या चढाला मला एक तास लागतो तेथे माझी दोन मिनिटे वाचतील. तीन किलो कमी करण्याचा दुसरा मार्ग आमच्या घरी सुचविण्यात आला. तो स्वस्त होता, परंतु माझ्या आहाराशी संबंधित असल्यामुळे त्याचा येथे विस्तार करीत नाही.

आता माझ्याच पक्षाविरुद्धची एक गोष्ट मला सांगितली पाहिजे. खांदा बरा झाल्यावर भाच्याने मला स्वतःची सायकल दिली. दोन्हीकडे धक्का शोषणारी, रुंद, झुकत्या चिमट्याची. तीच टेकडी, पण पायरीची वाट सोडून दुसरी. खाली आल्यावर तो म्हणाला, "मामा, तुम्ही आज ब्रेक न दाबताच आलात की!" मी म्हटले, "अरे, उतार होता हेच मला कळले नाही." तो हसला. मी मात्र घरी जाईपर्यंत अस्वस्थ होतो. दगड तेथे होते, मुरूम होता, वळणे होती. सायकलीने ते सारे माझ्यापासून लपविले होते. साध्या सायकलीवर पंधरा किलोमीटरच्या वेगाला भीती वाटते आणि माणूस आवरते घेतो. अशा सायकलीवर तीच भीती पंचविसाला वाटते. पंधराच्या जागी पंचवीस म्हणजे वेग दुपटीलाही पोहोचला नाही. पण पडल्यावर जो आघात सोसावा लागतो त्याची शक्ती पावणेतीन पटींहून अधिक होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. क्षमाशील सायकल लहान चुका पोटात घालते आणि स्वाराला मोठ्या चुकीपर्यंत नेऊन सोडते. ज्याच्याजवळ हिच्याबरोबर वेगावर ताबा ठेवण्याइतका संयम नाही, त्याच्यासाठी जुन्या जाणत्यांचाच सल्ला बरा. आणि विशीतल्या तरुणांत असा संयम मला तरी क्वचितच आढळला आहे.

आणखी एक बाब घरातल्या कर्त्या माणसांनी ऐकून ठेवावी. आपल्या कोपऱ्यावरचा सायकलवाला चाकाचा आऊट काढतो, चेन बसवतो, पंक्चर काढतो. पण या फोर्कांतली हवा भरावयाचा पंपसुद्धा निराळा असतो. उत्पादकांच्या सूचना पाहिल्या तर फोर्कचा खालचा भाग सुमारे पन्नास तासांच्या वापरानंतर उघडून साफ करावा व दोनशे तासांनी आतली यंत्रणाही तपासावी, असे आढळते. उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातला चिकट काळा चिखल या दोहोंत हे हाल अधिकच होतात. सायकल जितकी महाग, तितका हा खर्चही चढत जातो. आणि नुसता खर्च करून भागत नाही. फोर्कमधली हवा स्वाराच्या वजनाला जुळवावी लागते; नुसते वर बसले असता फोर्क आपल्या चालीच्या चौथ्या हिश्श्याइतका दबला पाहिजे. फोर्कच्या नळीवर एक बारीक रबरी कडे असते, ते किती वर सरकले यावरून फोर्क किती दबला ते कळते. अपघातानंतर भाच्याने माझ्या सायकलीचे ते कडे मला दाखविले. तीन आठवड्यांत, त्या पायरीसकट, ते एक-तृतीयांशाच्या वर गेलेच नव्हते. आतली हवा कोणा दुसऱ्याच, फार जड माणसासाठी भरलेली असावी. म्हणजे विकत घेतलेल्या फोर्कचा दोन-तृतीयांश भाग मी वापरलाच नव्हता. लाखो रुपयांच्या किती सायकली आज या स्थितीत फिरत असतील, कोण जाणे. ही व्यवस्था करावयास दहा मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.

माझी वेळ संपत आली. ती काळी सायकल मी एका तरुण शर्यतपटूला विकली. माझ्या किमतीच्या साठ टक्क्यांत. तो तिच्यावर खूष आहे, आणि त्याच्या हाती ती खरोखर सुंदर चालते. त्याच वेळी घरी पूर्ण आकडा उघडकीस आला. त्या संध्याकाळचे वर्णन नभोवाणीवरून करणे योग्य होणार नाही. नंतर मी पंच्याऐंशी हजारांत ॲल्युमिनियमची, सव्वाचौदा किलोची एक सायकल घेतली. मागे काही योजना नाही, पुढे आहे. टायर रुंद, चिमटा झुकलेला, सीट बटणावर खाली जाणारी. या वेळी भाच्याला बरोबर नेले. त्याने मला चार रविवार एका रिकाम्या मैदानावर विटा मांडून त्यांवरून उतरावयास लावले, ब्रेकवर एकच बोट ठेवून. मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांची त्यामुळे बरीच करमणूक झाली.

खाणीकडच्या त्या पायरीवरून मी आजवर अकरा वेळा सायकलीवर बसून उतरलो आहे. पावसाळ्यात तिला शेवाळ धरते, तेव्हा मात्र खाली उतरून, सायकल हाती धरून चालत जातो. तो मुलगा कधी कधी भेटतो. मी चालत असलो तर तो वर थांबतो, मला पुढे जाऊ देतो आणि मग उतरतो. त्याच्या सायकलीच्या पुढच्या चाकाला आता ब्रेक आहे. तार, रबर आणि बसवणावळ मिळून मला साडेतीनशे रुपये पडले.